ती हुशार आहे, मग तिला मदत कशाला?

पत्र थोडक्यात असं: पत्रलेखिका विद्यापीठात बरीच वर्षं शिकवतात. त्यांच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एक विद्यार्थिनी आहे. लेखी परीक्षेत ती नेहमी पहिल्या काही जणांत असते आणि वर्गात नेमके प्रश्न विचारते. मागच्या सत्रात मात्र ग्रुप प्रोजेक्टमध्ये तिचं काम जवळजवळ काहीच नव्हतं, आणि प्रेझेंटेशनच्या दिवशी ती मध्येच थांबून वर्गाबाहेर निघून गेली. काही दिवसांनी ती केबिनमध्ये आली, ऑटिझमचं (मराठीत स्वमग्नता, मेंदूच्या जडणघडणीतलं लहानपणापासूनचं वेगळेपण) निदान झाल्याचा कागद पुढे ठेवला आणि तीन गोष्टी मागितल्या. कामाच्या सूचना लेखी मिळाव्यात, गरज पडली तर न विचारता वर्गाबाहेर जाता यावं, आणि प्रेझेंटेशन पूर्ण वर्गासमोर न देता फक्त शिक्षकांसमोर देता यावं. पत्रलेखिकेला मदत करायची आहे. पण एक सहकारी म्हणतात, "भीती सगळ्यांनाच वाटते. उद्या नोकरीत कोण सवलत देणार आहे?" वर्गातली काही मुलं कुरकुर करतात. शिवाय आता ती प्रत्येक लहानसहान शंका घेऊन केबिनमध्ये येते. लेखिका विचारतात: इतकी वर्षं सगळं नीट पार पाडणाऱ्या मुलीला एवढी मदत खरंच लागते का? इतरांवर अन्याय न होता आणि पदवीचा दर्जा न घसरता किती करावं? वर्गाला सांगून टाकावं का? आणि माझं काही चुकलं तर?

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. तुमच्या विद्यार्थिनीने तीन मागण्या केल्या. तिन्ही स्पष्ट आहेत आणि तिन्ही करता येण्यासारख्या आहेत. पत्राच्या उरलेल्या भागात मात्र ती फारशी दिसत नाही. तिथे सहकारी आहेत, वर्ग आहे, पदवीचा दर्जा आहे, उद्याची नोकरी आहे. हे साहजिक आहे, शिक्षकाला चहूबाजूंनी विचार करावाच लागतो. तरी आपण तिच्यापासून सुरुवात करू, कारण बाकीच्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं तिच्या अनुभवातच सापडतील.

आधी ती शंका, जी तुम्ही अर्धवट लिहून सोडून दिली आहे: इतके दिवस काहीच कसं दिसलं नाही? अमेरिकन मानसोपचार संघटनेने 2013 मध्ये आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. तिच्यातल्या ऑटिझमच्या निकषांत याचं उत्तर थेट दिलेलं आहे. ऑटिझमची लक्षणं लहानपणापासून असतात. पण भोवतालच्या सामाजिक अपेक्षा माणसाच्या आवाक्याबाहेर जाईपर्यंत ती पूर्णपणे समोर येतीलच असं नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे ती झाकलीही जाऊ शकतात. अपेक्षा एकदम वाढतात ते वय अनेकांसाठी विद्यापीठात पाऊल टाकण्याचंच असतं. शाळेत बाक ठरलेला, तास ठरलेला, शिक्षक ओळखीचे, आणि गृहपाठ कसा लिहायचा हेही फळ्यावर लिहिलेलं. विद्यापीठात कुणाशेजारी बसायचं, मधल्या दोन तासांचं काय करायचं, कोणत्या सरांना कधी भेटलेलं चालतं, "वाचून या" म्हणजे नेमकं किती वाचायचं, हे सगळं ज्याचं त्याने ओळखायचं असतं. शाळेपर्यंत जे जमत होतं ते इथे जमेनासं झालं, याचा अर्थ ती बिघडली असा नाही. तिला सांभाळून घेणारी चौकट गेली, एवढंच.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये ज्या 11 मुलांचं वर्णन केलं त्यांत आठ मुलगे होते, आणि हान्स आस्पर्गर यांनी 1944 मध्ये लिहिलं तेही मुलग्यांबद्दलच. पुढची कित्येक दशकं ऑटिझम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एक विशिष्ट मुलगाच येत राहिला. वर्गात शांत बसणारी, इतरांचं पाहून हसणारी, संभाषणाची वाक्यं घरी मनात घोळवून येणारी मुलगी त्या चित्रात कुठेच बसत नव्हती. त्यामुळे अनेकींना निदान मिळतं ते थेट विशीत, कधी त्याहूनही उशिरा. "मला तर कधी वाटलं नाही" हे वाक्य तुम्ही तिच्यासमोर बोलला नसाल अशी आशा आहे. बोलला असाल तर तिने ते बहुधा आधी अनेकदा ऐकलेलं आहे. ते कौतुकाने म्हटलं तरी ऐकणाऱ्याला अविश्वासासारखंच लागतं.

असं झाकून राहण्याची किंमत मोठी असते. परक्या भाषेत दिवसभर वावरताना आपण प्रत्येक वाक्य मनात जुळवून मग बोलतो आणि संध्याकाळी डोकं जड होतं. तिचा वर्गातला दिवस काहीसा असाच जातो. किती वेळ डोळ्यांत पाहायचं, कुठे हसायचं, आपली बोलायची पाळी कधी येते, हे सगळं ती जाणीवपूर्वक करते आणि त्याच वेळी व्याख्यानही ऐकते. वर खुर्च्यांचे आवाज, प्रोजेक्टरच्या पंख्याची घरघर, ट्यूबलाइटचा त्रासदायक उजेड. आवाज, प्रकाश, स्पर्श यांना मिळणारा तीव्र किंवा फारच कमी प्रतिसाद 2013 पासून निकषांतही आहे. ज्या गोष्टी तुमच्या-माझ्या मेंदूत आपोआप मागे ढकलल्या जातात त्या तिच्या मेंदूत पुढेच राहू शकतात. ती वर्गाबाहेर जाते तेव्हा तुमच्या व्याख्यानाला कंटाळून जात नाही. बहुतेक वेळा उरलेला तास ऐकता यावा म्हणूनच ती पाच मिनिटं बाहेर जाते.

आता तिची गुणपत्रिका पुन्हा एकदा काढून बघा. तुम्हाला तिच्यात विसंगती दिसते, मला तिच्यात एक सरळ रेघ दिसते. लेखी परीक्षेत एकटीने बसायचं असतं. खोली शांत असते, प्रश्न छापलेले असतात, वेळ ठरलेली असते आणि कुणाशी बोलायचं नसतं. तिला मानवेल अशी याहून चांगली परिस्थिती विद्यापीठात क्वचितच असेल, आणि तिथे ती पहिल्या काही जणांत येते. ग्रुप प्रोजेक्टमध्ये यातलं एकही नसतं. "तुमचे तुम्ही गट करा, विषय ठरवा आणि महिनाअखेर सबमिट करा" या एका वाक्यात आपण तिच्यावर किती कामं टाकतो ते मोजून पाहा. गटात कुणीतरी घ्यावं म्हणून पुढे व्हायचं. पाच जण एकदम बोलत असताना आपला मुद्दा घुसवायचा. कोणी काय करायचं हे न बोलता ठरतं ते ओळखायचं. रात्री अकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर बदललेला बेत पकडायचा. महिनाभराच्या कामाचे टप्पे स्वतः पाडायचे आणि एका कामातून दुसऱ्यात झटकन जायचं. डिना मरी, माइक लेसर आणि वेन लॉसन यांनी 2005 मध्ये एक मांडणी केली होती. तिच्यानुसार ऑटिस्टिक माणसाचं लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोलवर जातं, आणि ते तिथून काढून दुसरीकडे नेणं जड जातं. नेमके प्रश्न विचारणारी मुलगी आणि ग्रुपमध्ये हरवलेली मुलगी एकच का असते, हे या मांडणीतून चांगलं समजतं.

तिचं काम जवळजवळ काहीच नव्हतं असं तुम्ही लिहिता. हे तुम्हाला कुणी सांगितलं? गटातल्या इतरांनी सांगितलं असेल तर त्यांची बाजू खोटी असेल असं मी म्हणत नाही. पण तिला काम वाटून दिलं होतं का, हे तिलाही विचारा. या ठिकाणी एक अभ्यास सांगायलाच हवा. नोआ सॅसन आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये दाखवलं की ऑटिस्टिक व्यक्तीचा काही सेकंदांचा व्हिडिओ किंवा आवाज समोर आला की लोकांचं मत तिच्याविरुद्ध जातं, आणि तिच्याशी बोलायची, शेजारी बसायची त्यांची तयारी कमी होते. तीच माणसं जे बोलली होती ते फक्त कागदावर वाचायला दिलं, तेव्हा हा फरक नाहीसा झाला. म्हणजे बोलण्यात काही कमी नव्हतं. पाहणाऱ्यांना खटकली ती बोलण्याची ढब. गट पाडायचं काम वर्गावर सोडलं की नेमकी हीच काही सेकंदांची छाप निर्णय घेते, आणि दर सत्रात त्याच एक-दोन मुलांना कुणी घेत नाही. म्हणून माझी पहिली सूचना केवळ तिच्यासाठी नाही: गट तुम्ही पाडा. प्रत्येकाची जबाबदारी कागदावर लिहून घ्या. भेटीत काय ठरलं ते गटातल्या एकाने दोन-चार ओळींत सगळ्यांना पाठवायचं, असा नियम करा. गुणांचा निम्मा भाग तरी ज्याच्या त्याच्या कामावर ठेवा. एवढं केलं तर तिचं काम दिसेल, आणि गटात राहून काहीच न करणारे दुसरे कोण तेही दिसेल.

"ऑटिस्टिक मुलांना संवाद जमत नाही, मग गटात घालून त्यांना त्रास कशाला" असंही कुणी तुम्हाला सुचवेल. हे अर्धंच खरं आहे. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ. संवाद तुटतो तेव्हा तो दोन्हीकडून तुटतो, ऑटिस्टिक नसलेल्यांनाही ऑटिस्टिक माणसांचं मन तितकंच वाचता येत नाही, असं त्यांनी 2012 मध्ये मांडलं. कॅथरीन क्रॉम्प्टन आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे सांगायला लावली. फक्त ऑटिस्टिक माणसांच्या साखळीने ती गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचवली. जास्त गळती झाली ती मिश्र साखळ्यांत. नंतरच्या मोठ्या अभ्यासात मिश्र साखळ्याही मागे पडल्या नाहीत. ऑटिस्टिक माणसं माहिती पोचवण्यात कमी पडत नाहीत, हे दोन्ही वेळा दिसलं. तेव्हा तिला गटातून काढून एकटीला वेगळं काम देण्याची घाई करू नका. ते तिने मागितलेलंही नाही. तिला माणसं नको आहेत असं समजून आपण तिला एकटं पाडतो आणि वर त्याला तिची आवड म्हणतो, असं अनेकदा होतं.

दर्जाचा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात तुमची शिक्षक म्हणून निष्ठा आहे. पण तो विचारायची जागा थोडी बदलायला हवी. प्रेझेंटेशनमधून तुम्हाला नक्की काय तपासायचं आहे? विषय समजला का, युक्तिवाद उभा राहतो का, प्रश्नांना उत्तरं देता येतात का, हेच तपासायचं असेल तर साठ जणांची गर्दी त्यासाठी लागत नाही. दोन शिक्षकांसमोर हे सगळं तितक्याच कडकपणे तपासता येतं. उलट प्रश्न जास्त खोलवर विचारता येतात. काही अभ्यासक्रमांत मोठ्या समुदायासमोर बोलणं हेच शिकवायचं कौशल्य असतं, उदाहरणार्थ शिक्षक होण्याचा अभ्यासक्रम. तिथे ते वगळता येणार नाही, पण पायऱ्या करता येतील: आधी दोघांसमोर, मग गटासमोर, मग वर्गासमोर. प्रत्येक वेळी खोली आधी दाखवायची आणि क्रम आधी सांगायचा. तुमच्या विषयात यातलं कोणतं लागू होतं ते तुम्हीच ठरवू शकता. ठरवल्यावर तुमचा गुणदानाचा तक्ता बाहेर काढा आणि त्यात "आत्मविश्वास", "नजरेला नजर", "देहबोली" यांना किती गुण आहेत ते पाहा. सॅसन यांचा अभ्यास इथेही आठवावा. हे गुण बहुतेक वेळा विषयाच्या समजेला मिळत नाहीत, परीक्षकाच्या सवयीला मिळतात. माझं स्पष्ट मत आहे की ते काढून टाकावेत, आणि सगळ्यांसाठीच.

तोंडी परीक्षेतल्या प्रश्नांकडेही जरा पाहा. "या विषयाबद्दल काय सांगाल?" असा मोकळा प्रश्न आला की अनेक ऑटिस्टिक विद्यार्थी गप्प होतात, कारण कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं हे त्या प्रश्नात नसतं. "या पद्धतीचे दोन तोटे सांगा आणि त्यांतला मोठा कोणता आणि का, ते सांगा" असं विचारलं की तीच मुलगी थांबवावी लागेल इतकं बोलते. यात प्रश्न सोपा झालेला नाही, उलट थोडा अवघडच झाला आहे. फक्त तो नेमका झाला. आणि उत्तरापूर्वी ती काही सेकंद शांत राहिली तर ते सेकंद तिला द्या. प्रश्न लगेच दुसऱ्या शब्दांत विचारू नका. दुसरे शब्द म्हणजे तिच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा दुसरा प्रश्न.

लेखी सूचनांबद्दल फार सांगायला नको, ती तिन्हींतली सर्वांत स्वस्त मागणी आहे. किती शब्द, कोणत्या स्वरूपात, कुठे, किती वाजेपर्यंत, आणि काम "पुरं झालं" हे कशावरून ओळखायचं, एवढं लिहा. मागच्या वर्षीचं एखादं चांगलं उत्तर नमुना म्हणून ठेवा, अर्थात त्या विद्यार्थ्याला विचारून आणि नाव काढून. "आवडीचा कोणताही विषय घ्या" असं असेल तर खाली पाच विषय सुचवा. मोठ्या कामाला मधल्या दोन तारखा द्या. खोली किंवा वेळ बदलली तर आदल्या दिवशी कळवा. हे सगळं अख्ख्या वर्गाला पाठवा. तुमच्याकडे येणाऱ्या शंका निम्म्यावर येतील, फक्त तिच्या नव्हे, सगळ्यांच्या.

इथेच "इतरांवर अन्याय" या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आलं. सूचना सगळ्यांना लेखी मिळतात, बाहेर जायची मुभा सगळ्यांना आहे, प्रेझेंटेशनचा दुसरा मार्ग गरज सांगणाऱ्या प्रत्येकाला खुला आहे. मग कुरकुरायला फारसं काही उरत नाही. बाहेर जायच्या मुभेचा गैरफायदा कुणी घेईल ही भीती असेल तर महिनाभर करून बघा. ज्यांना तास बुडवायचा असतो ते आत येऊन मग बाहेर जायचा त्रास घेत नाहीत. तुमच्या सहकाऱ्यांचं "भीती सगळ्यांनाच वाटते" हे वाक्य खरं आहे, पण ते इथे लागू नाही. भीतीतून माणूस सरावाने बाहेर येतो. आवाज, उजेड आणि माणसं यांच्या एकत्रित भाराने डोकं बंद पडणं सरावाने जात नाही. पुन्हा पुन्हा तसं झालं तर ते वाढू शकतं.

नोकरीच्या जगाचा युक्तिवाद मला कधीच पटलेला नाही. उद्या बाहेर त्रास होणार आहे म्हणून आज आपण तो द्यायचा, यातून विद्यार्थी काय शिकतो? स्वतःच्या गरजा लपवायला. उलट कोणत्या परिस्थितीत आपलं काम उत्तम होतं हे ज्याला माहीत आहे आणि ते शांतपणे मागता येतं, तो नोकरीत टिकतो. तुमच्या केबिनमध्ये येऊन तीन नेमक्या गोष्टी मागताना तिने तेच केलं. शिवाय हा सवलतीचा किंवा दयेचा प्रश्नच नाही. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार 2006 मध्ये मंजूर झाला. त्याच्या 24व्या कलमात उच्च शिक्षणाचा वेगळा उल्लेख आहे: इतरांच्या बरोबरीने शिकता यावं म्हणून वाजवी सोयी मिळाल्याच पाहिजेत. त्याच कराराच्या दुसऱ्या कलमात अशी सोय नाकारणं हाही भेदभाव मानला आहे. मात्र सोय देणाऱ्यावर अवाजवी भार पडू नये, हेही तिथे लिहिलेलं आहे. दोन शिक्षकांची वीस मिनिटं हा अवाजवी भार नाही.

वर्गाला सांगावं का? नाही. तुम्ही तर नाहीच, तिने स्पष्टपणे सांगितल्याशिवाय सहकाऱ्यांनाही नाही. तो कागद तिने तुमच्यासमोर ठेवला, विभागासमोर नाही. हे मी एवढ्या ठामपणे सांगते आहे, कारण चांगल्या हेतूने सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. "तिला जरा समजून घ्या" असं वर्गात म्हटलं की त्या दिवसापासून तिचं प्रत्येक हसणं आणि गप्प राहणं तपासलं जातं. हो, याची दुसरी बाजूही आहे. सॅसन आणि केरीएन मॉरिसन यांच्या 2019 च्या अभ्यासात निदान कळल्यावर लोकांचं पहिलं मत सुधारलं, पण त्यात पाहणाऱ्याला ऑटिझमची कितपत माहिती आहे याला मोठं महत्त्व होतं. म्हणून क्रम असा ठेवा. आधी विभागात ऑटिझमबद्दल सर्वसाधारण माहितीचं सत्र घ्या. शक्य असेल तर एखाद्या ऑटिस्टिक व्यक्तीकडूनच घ्या, आणि त्यात तुमच्या कोणत्याही विद्यार्थ्याचा संदर्भ नको. मग कुणाला काय सांगायचं हे तिच्यावर सोपवा. इतर शिक्षकांना काही कळवावं लागलं तर निदान कळवायची गरज नसते. "या विद्यार्थिनीला सूचना लेखी द्याव्यात आणि दाराजवळ बसू द्यावं" एवढं पुरतं. तेही आधी तिला वाचायला द्या.

आता तुमच्याबद्दल. प्रत्येक शंकेला ती केबिनमध्ये येते आणि तुम्ही थकता. यात अपराधी वाटून घेऊ नका, पण "मी आहेच, कधीही ये" असं म्हणून नंतर चेहऱ्यावर कंटाळाही आणू नका. तिला चेहरा वाचायला लावू नका. सरळ सांगा: आठवड्यातला हा वार, ही वेळ, वीस मिनिटं. प्रश्न आदल्या दिवशी लिहून पाठवायचे. मधल्या काळात ईमेलला दोन दिवसांत उत्तर मिळेल. ही मर्यादा तिला तोडून टाकल्यासारखी वाटेल अशी तुम्हाला भीती असेल. बहुधा उलट होईल. आपण कधी नकोसे होतो हे ओळखता न येणं तिच्यासाठी जास्त दमवणारं असतं. विद्यापीठात समुपदेशक असेल, अपंग विद्यार्थ्यांसाठी कक्ष असेल तर त्यांच्याशी तिची गाठ घालून द्या. नुसता नंबर देऊन पाठवू नका, पहिल्या भेटीची वेळ ठरवून द्या. अनोळखी ठिकाणी पहिला फोन करणं हाच अनेकांसाठी सगळ्यात मोठा अडसर असतो.

एका गोष्टीवर लक्ष ठेवा. डोरा रेमेकर आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये ऑटिस्टिक व्यक्तींच्या मुलाखतींतून एका वेगळ्या थकव्याचं वर्णन केलं. महिनोन्‌महिने टिकणारी दमणूक, आधी येणाऱ्या गोष्टी न येणं, आवाज-उजेड अजिबात सहन न होणं. चांगली चाललेली मुलगी एकाएकी उत्तरं देईनाशी झाली, तासांना येईनाशी झाली तर तिला बेफिकीर समजू नका. ऑटिस्टिक तरुणांमध्ये नैराश्य, चिंता आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, आणि चेहरा शांत असला तरी आत काय चाललंय ते दिसेलच असं नाही. तशी शंका आली तर आडवळणाने न बोलता सरळ विचारा: "जगू नये असं वाटतं का?" सरळ विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. उत्तर "हो" असेल तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मानसिक आरोग्य तज्ज्ञांपर्यंत पोचवा. हे काम तुमच्या एकट्याच्या खांद्यावर घेऊ नका.

आणि वर्गात पुन्हा कधी तिच्यावर भार असह्य झाला, ती रडू लागली किंवा एकदम गप्प झाली, तर कमी बोला. हात लावू नका, "काय झालं" हे पुन्हा पुन्हा विचारू नका, भोवतीची माणसं हलवा आणि शांत जागा दाखवा. समजावणं, विचारणं, ठरवणं हे सगळं दुसऱ्या दिवशी.

अशाच परिस्थितीतल्या इतर वाचकांसाठी एक सांगायला हवं: ही यादी या एका मुलीची आहे. दुसऱ्या एखाद्या ऑटिस्टिक विद्यार्थ्याला वर्गासमोर बोलणं आवडत असेल आणि लेखी परीक्षाच जड जात असेल. कुणाला हेडफोन हवे असतील. कुणाला परीक्षेचं सभागृह आदल्या दिवशी रिकामं पाहायचं असेल. जादा वेळ हा सगळ्यांना सरसकट दिला जाणारा उपाय आहे, पण गोंगाटाच्या खोलीतला जादा वेळ म्हणजे काहींसाठी फक्त जास्त वेळ त्रास. ऑटिझमबरोबर एडीएचडीही (लक्ष टिकवणं जड जाणं आणि अतिचंचलता) असू शकतो. 2013 पूर्वी ही दोन निदानं एकत्र देताच येत नव्हती, आता देतात. तेव्हा निदानाचं नाव बघून सोयी ठरवू नका.

मग कशावरून ठरवायच्या? विचारून. पण "तुला काय मदत करू?" असं नको. तो पुन्हा मोकळा प्रश्न झाला. तिला या आठवड्यात एक ईमेल पाठवा, साधारण असा:

"तू सांगितलेल्या तिन्ही गोष्टी मी या सत्रापासून सुरू करते आहे. सूचना दर सोमवारी लेखी येतील. वर्गाबाहेर जाताना विचारायची गरज नाही, परत कधीही येऊ शकतेस. प्रेझेंटेशन मी आणि आणखी एक शिक्षक, अशा दोघांसमोर होईल. खोली आणि वेळ आठवडाभर आधी कळवेन. मला तीन प्रश्न आहेत. वर्गात बसायला कोणती जागा बरी पडते? मागच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये तुझ्याकडे कोणतं काम होतं, आणि ते कुठे अडलं? हे मी इतर कुणाला सांगितलेलं चालेल का, चालत असेल तर कुणाला आणि किती? उत्तर शुक्रवारपर्यंत ईमेलने दे. भेटायलाच हवं असं नाही."

शुक्रवारी उत्तर आलं नाही तर सोमवारी हाच ईमेल पुन्हा पाठवा आणि त्यात एक ओळ घाला: फक्त "हो", "नाही" किंवा "नंतर" लिहिलंस तरी चालेल.

तुमचा शेवटचा प्रश्न होता, माझं काही चुकलं तर. चुकेल, काहीतरी नक्की चुकेल. एखादी सूचना संदिग्ध राहील, खोली ऐन वेळी बदलेल. ते तिच्याकडूनच कळेल अशी सोय करून ठेवा. महिन्याच्या शेवटी दोनच प्रश्न लेखी विचारा: कशाचा उपयोग झाला, आणि काय बंद करावं? जे बंद करायला ती सांगेल ते खुलासा न मागता बंद करा, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विचारा.